हलकी बॅग कोणाच्या जिवावर?



मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या गावातून माणसे बाहेर पडू लागतात. कुणी गोव्याला पुराण्या चर्चच्या दर्शनाला जाते, कुणी वेलांकनीला, कुणी मुलांना घेऊन महाबळेश्वरला. ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत ते आजी-आजोबा विमानाने नातवंडांकडे जातात. अलीकडे आपल्या तरुणांत, विशेषतः पुरुषांत, एक नवा विचार रुजू लागला आहे. प्रवासाला मोठी सूटकेस न्यायची नाही. पाठीवर एकच पिशवी, तीत मोजून चार कपडे आणि बस्स. आठवडा असो की महिना, तेवढ्यातच भागवायचे.

विचार चांगला आहे आणि मला तो आवडतो. पण एखादी गोष्ट चांगली का आहे, हे तपासल्याशिवाय ती चांगली राहत नाही. म्हणून आज एका साध्या प्रश्नावर विचार करू या: कमी कपडे घेऊन प्रवास करणे हा सद्गुण आहे, की केवळ एक सोय?

आधी हे जमते कसे, ते पाहू.

सात दिवसांचा प्रवास धरा. पुरुषाला वर घालायला तीन कपडे पुरतात. एक कॉलरचा, मिस्साला किंवा कुणाच्या घरी जेवायला जाताना चालेल असा शर्ट आणि दोन साधे. खाली दोन पँट. यांतला एक जोड अंगावर असतो, म्हणजे पिशवीत उरतात दोन शर्ट आणि एक पँट. रंग असे निवडायचे की कोणताही शर्ट कोणत्याही पँटवर चालावा. तीन गुणिले दोन म्हणजे सहा जोड झाले. आतले कपडे आणि मोजे तीन-तीन. एक पातळ स्वेटर. एक लुंगी, जी रात्री नेसता येते, गाडीत पांघरता येते आणि गरज पडली तर अंथरताही येते. टर्किश टॉवेलऐवजी आपला जुना पंचा, जो तासाभरात वाळतो. पायांत बूट आणि पिशवीत चपला. सगळ्यांत जड वस्तू नेहमी अंगावर घालून निघावे, पिशवीत भरू नये. दाढीचे सामान आणि फोनचा चार्जर धरूनही हे सारे चार-साडेचार किलोंच्या पुढे जात नाही. देशातल्या बहुतेक विमानांत हातातल्या बॅगेला सात किलोंची मर्यादा असते. आपण तिच्या पुष्कळ आत राहतो.

कापडाचाही विचार हवा. जीन्सची पँट जड असते आणि एकदा भिजली की वाळता वाळत नाही. आपल्या वडिलांच्या पिढीतली टेरिकॉटची पँट हलकी असते आणि रात्रीत वाळते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून लवकर सुकते, पण घामाचा वास धरून ठेवते. सुती कापड अंगाला सुखद असते, पण ओलावा सोडायला वेळ लावते. मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचे बनियन दोन-तीन दिवस घातले तरी वास मारत नाही, म्हणून परदेशी प्रवासी त्यावर खूश असतात. मात्र त्याची किंमत आपल्या साध्या शर्टाच्या कितीतरी पट असते. धुतलेला शर्ट पंचात गुंडाळून घट्ट पिळला की त्यातले बरेचसे पाणी पंचा ओढून घेतो आणि शर्ट सकाळपर्यंत वाळतो.

या सगळ्या हिशोबाची किल्ली एकच आहे. कमी कपड्यांचा प्रवास कपड्यांवर चालत नाही, रोजच्या धुण्यावर चालतो. तीन शर्ट सात दिवस पुरतात, कारण कुणीतरी रोज संध्याकाळी एक शर्ट धुतो. हा ‘कुणीतरी’ लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

कमी सामानाचे कौतुक नवे नाही. ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनीसची गोष्ट सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ऐकतो. एक मुलगा ओंजळीने पाणी पिताना त्याला दिसला. हे पोर साधेपणात आपल्या पुढे गेले, असे म्हणून त्याने आपल्या झोळीतला पेला फेकून दिला. सॉक्रेटिसविषयी सांगतात की, बाजारात मांडलेला माल पाहून आपल्याला किती गोष्टींची गरज नाही याचेच त्याला नवल वाटे. या गोष्टींत एक खरे स्वातंत्र्य आहे. ज्याच्याजवळ सांभाळायला थोडे असते, त्याला चोरीची भीती थोडी असते, हमालाशी घासाघीस करावी लागत नाही, आणि गाडी चुकली तर पायी निघता येते.

पण मला अधिक जवळचा वाटतो तो सेनेका. पहिल्या शतकात रोममध्ये होऊन गेलेला हा तत्त्वज्ञ सम्राट नीरोचा गुरू होता आणि त्या काळच्या अतिश्रीमंतांपैकी एक होता. मित्राला लिहिलेल्या एका पत्रात तो आपल्या प्रवासाची हकिकत सांगतो. तो आणि त्याचा सोबती दोन दिवस अगदी थोड्या सामानानिशी प्रवास करीत होते. अंगावर होते तेवढेच कपडे. दोन झग्यांपैकी एक अंथरायला, एक पांघरायला. खायला सुके अंजीर. गाडी साधी, शेतकऱ्याची. सेनेका म्हणतो की दोन दिवस फार सुखाचे गेले. आणि मग तो एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. रस्त्यात थाटामाटाने जाणारे लोक भेटले की त्याला आपल्या त्या गाडीची लाज वाटे. ही गाडी आपली आहे हे लोकांना कळू नये असे वाटे. ज्याला साध्या गाडीची लाज वाटते तो भारी गाडीचा गर्वही करील, असा निष्कर्ष तो स्वतःविषयीच काढतो.

बंधुभगिनींनो, दोन हजार वर्षांत यात काय बदलले? आज आपल्याला कपडे जास्त घ्यावेसे वाटतात ते थंडीच्या भीतीने नव्हे. प्रत्येक फोटोत तोच शर्ट दिसेल, लोक काय म्हणतील, ही ती भीती आहे. लग्नाच्या तीन दिवसांसाठी सहा पोशाख जातात ते शरीरासाठी नव्हे, पाहणाऱ्या डोळ्यांसाठी. बॅगेत सर्वांत जड असते ती ही लाज. तिला काढून ठेवले तर उरलेले सामान आपोआप निम्मे होते.

मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. १३ व्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात माणसाच्या बाह्य पोशाखाविषयी विचार केला आहे. पोशाखाच्या बाबतीत ते तीन गुणांचा उल्लेख करतात: नम्रता, आहे त्यात समाधान आणि साधेपणा. नम्रता मोठेपणा मिरवण्याची हाव आवरते. समाधान देहाच्या चोचल्यांना आवर घालते. आणि साधेपणा काय करतो? तो कपड्यांविषयीची फाजील काळजी दूर करतो. इथे थांबून विचार करावा. जो माणूस प्रवासाच्या आधी दोन महिने प्रत्येक बनियन वजनकाट्यावर ठेवतो, हलक्यातला हलका शर्ट शोधण्यात रात्री घालवतो आणि त्यासाठी हजारो रुपये मोजतो, त्याच्याजवळ कपडे थोडे आहेत, पण त्याच्या मनात कपडेच कपडे आहेत. थॉमसच्या मोजमापाने तो साधा नाही. संत ऑगस्टीनच्या आधाराने थॉमस आणखी एक इशारा देतात: माणूस भरजरी वस्त्रांचा डौल मिरवू शकतो, तसा फाटक्या वस्त्रांचाही मिरवू शकतो. “मी फक्त एवढ्याच पिशवीत महिना काढला” हे वाक्य दहाव्यांदा सांगितले जाते, तेव्हा ती पिशवी हलकी राहिलेली नसते.

आता त्या ‘कुणीतरी’कडे वळू या.

सेनेकाच्या पत्रात एक तपशील आहे, जो वाचताना सहज नजरेआड होतो. तो म्हणतो, बरोबर फारच थोडे गुलाम होते, एका गाडीत मावतील एवढेच. आणि खेचरांची गाडी हाकणारा माणूस अनवाणी होता. सेनेका स्वतःहून दोन दिवस साधा राहिला होता. गाडीवान जन्मभर साधा होता, त्याला कुणी विचारले नव्हते. तत्त्वज्ञाची बॅग हलकी होती, कारण गाडीभर माणसे त्याचे काम उचलत होती.

आपल्या घरात डोकावून पाहा. प्रवासाला निघताना नवऱ्याची बॅग कोण भरते? बहुतेक घरांत आई किंवा पत्नी. तो आयत्या वेळी येतो, बॅग उचलतो आणि म्हणतो, “बघ, माझे किती थोडे सामान! तुझेच केवढे!” पण तिच्या त्या मोठ्या बॅगेत काय आहे? मुलांचे जादा कपडे, लहानग्याचे दूध, तापाचे औषध, सासूबाईंची शाल, सर्वांसाठी टॉवेल, वाटेत खायला केलेले डबे. आणि वरती नवऱ्याचा तो स्वेटर, जो त्याच्या हलक्या पिशवीत बसला नाही. संध्याकाळी लॉजच्या न्हाणीघरात त्याचा शर्ट कोण धुते? घरी परतल्यावर सर्वांच्या कपड्यांचा ढीग कोण उपसते? अशा पुरुषाची पिशवी खरोखर हलकी नसते. तिचे वजन फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेले असते. वजन नाहीसे होणे आणि वजन सरकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीतीचा विचार नेमका येथे सुरू होतो.

दुसऱ्याने आपले ओझे वाहणे यात मुळात वाईट काही नाही. आळंदीहून पंढरपूरला पायी निघणाऱ्या वारकऱ्यांच्या खांद्यावर पताका आणि गळ्यात टाळ असतात, त्यांच्या वळकट्या दिंडीच्या ट्रकमधून पुढे जातात. स्पेनमध्ये संत याकोबाच्या कबरीकडे, सान्तियागो दे कॉम्पोस्तेला येथे, चालत जाण्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. फ्रान्सच्या सीमेवरून निघणारी प्रसिद्ध वाट जवळजवळ ७८० किलोमीटरची आहे. २०२३ या एका वर्षात ४ लाखांहून अधिक यात्रेकरूंनी तिथे पोहोचल्याचे प्रशस्तिपत्र घेतले. या वाटेवरचा अनुभवी यात्रेकरू नवख्याला सांगतो की पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. सत्तर किलोच्या माणसाने सात किलो. म्हणजे एक जोड अंगावर, एक जोड पिशवीत, आणि रोज मुक्कामाला पोहोचल्यावर आधी कपडे धुवून दोरीवर टाकायचे, मग जेवायचे. पहिल्या दोन-तीन दिवसांतच अनेकांना नको असलेल्या वस्तू मागे सोडाव्या लागतात. शरीरच शिकवते. त्याच वाटेवर पैसे घेऊन बॅगा पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी वाहनेही आहेत. वृद्ध आणि आजारी यात्रेकरूंसाठी ती वरदानच ठरतात. प्रश्न एवढाच की, वाहणाऱ्याची आपल्याला आठवण आहे का, आणि आपल्याला जमण्यासारखे होते ते आपण केले का?

गोव्याला जाणाऱ्यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांचा प्रवास आठवावा. ७ एप्रिल १५४१ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचले. तेरा महिन्यांचा प्रवास! पोर्तुगालच्या राजाने त्यांना हवे ते सामान देऊ केले होते. त्यांनी थोडी पुस्तके आणि थंडीसाठी जाडेभरडे वस्त्र एवढेच स्वीकारले. त्यांचे चरित्रकार सांगतात की, दरबारातल्या एका सरदाराने एक नोकर तरी बरोबर घेण्याचा आग्रह धरला. पोपचा प्रतिनिधी जहाजावर इतर प्रवाशांदेखत आपले कपडे धूत बसला तर त्याची प्रतिष्ठा काय राहील, असा त्याचा मुद्दा होता. झेवियरनी उत्तर दिले की, असल्या प्रतिष्ठेनेच ख्रिस्तसभेची ही अवस्था केली आहे. आणि ते स्वतःचे कपडे स्वतः धूत राहिले. इथे बॅग हलकी आहेच, पण ती कुणाच्या जिवावर हलकी नाही.

आता कुणी म्हणेल, फादर, प्रभू येशूने तर शिष्यांना दोन अंगरखे घेऊ नका असेच सांगितले होते. मग हा नियमच झाला की! पण ते प्रसंग नीट पाहा. प्रभूने शिष्यांना पाठवले तेव्हा भाकरी, झोळी, पैसा, दुसरा अंगरखा, काहीच घेऊ दिले नाही. का? कारण त्यांनी ज्या घरात जायचे होते, त्या घराच्या पाहुणचारावर अवलंबून राहायचे होते. ज्याच्याजवळ सारे असते, तो कुणाचे दार ठोठावत नाही. आजच्या हलक्या पिशवीत आणि त्या शिष्यांत हाच मोठा फरक आहे. आजचा प्रवासी थोडे घेतो, कारण खिशात कार्ड आहे, लागेल ते तिथे विकत घेता येईल. त्याचा भरवसा बँकेवर आहे. शिष्यांचा भरवसा देवावर आणि अनोळखी यजमानावर होता. दिसायला दोघांच्या पिशव्या सारख्याच रिकाम्या असतात.

शिवाय तोच प्रभू पुढे, दुःखसहनाच्या आदल्या रात्री, आता ज्याच्याजवळ थैली आणि झोळी असेल त्याने ती घ्यावी, असेही सांगतो. काळ बदलला, सामान बदलले. आणि संत पौलाला पाहा. तुरुंगातून तिमथीला लिहिलेल्या पत्रात तो त्रोवस गावी राहिलेला आपला झगा आणायला सांगतो, आणि पुस्तकेही. हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर, असेही लिहितो. ज्याने अर्धे जग पायाखाली घातले त्या प्रेषितालाही थंडी वाजत होती आणि ते सांगायला त्याला कमीपणा वाटला नाही. गरजेची वस्तू मागणे हा लोभ नव्हे. जुलैच्या पावसात कोकणात निघालेल्या माणसाने तीनऐवजी पाच शर्ट नेले तर तो कमी सद्गुणी ठरत नाही. तिथे रात्रीत काही वाळतच नाही!

आणखी दोन पिशव्यांविषयी बोलायला हवे. एक आखातातून दोन वर्षांनी घरी येणाऱ्या कामगाराची. विमानतळावर तो तीस किलोंच्या दोरखंडाने बांधलेल्या बॅगा ओढत येतो. त्यात त्याचे स्वतःचे कपडे अगदी थोडे. बाकी बहिणीसाठी साडी, बापासाठी घड्याळ, मुलांसाठी खाऊ आणि खेळणी, शेजाऱ्यांसाठी साबण नि अत्तर. ही बॅग जड आहे, पण ती प्रेमाने जड आहे. तिला पाहून नाक मुरडणाऱ्याने साधेपणाचा अर्थ समजून घेतलेला नाही.

दुसरी पिशवी मुंबईच्या स्टेशनांवर उतरणाऱ्या, कामाच्या शोधात आलेल्या तरुणाची. तीही एकच, तीही हलकी. पण ती त्याने निवडलेली नाही. त्याच्याजवळ दुसरा शर्टच नाही. आपण हौसेने पाळतो ती साधी राहणी आणि त्याच्यावर लादलेली गरिबी यांना एकाच नावाने हाक मारू नये. सोडायला काही असते त्यालाच सोडण्याचे पुण्य लाभते. आणि जे आपण सोडतो ते कपाटात पडून राहिले, तर सोडले तरी काय? ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, असे बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना सांगत असे. दुसऱ्या अंगरख्याचे खरे स्थान आपल्या बॅगेतही नाही आणि कपाटातही नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. हलकी बॅग हा स्वतः सद्गुण नाही आणि जड बॅग हा दुर्गुण नाही. सद्गुण वजनात नसतो. आपण कमी घेतले त्यामुळे दुसऱ्याचे ओझे कमी झाले की वाढले, आपले हात मदतीला मोकळे झाले की फक्त खिशात गेले, यावर तो ठरतो. ज्याच्या हातात एकच पिशवी आहे, तो जिन्यावर आजीची बॅग उचलू शकतो, पत्नीच्या कडेवरचे मूल घेऊ शकतो. तसे तो करीत असेल तर त्याच्या हलकेपणाला अर्थ आहे.

या सुट्टीत घरातल्या पुरुषांना माझी तीन कामे. आपली बॅग स्वतः भरा. आपला शर्ट संध्याकाळी स्वतः धुवा. आणि परत आल्यावर, जे कपडे नसतानाही आठवडा सुखाने गेला, ते कपाटातून काढून, धुवून, इस्त्री करून, ज्याला गरज आहे त्याला द्या. फाटके नव्हे, घालण्याजोगे. दोन शर्टांत माणूस सुखाने जगू शकतो हे प्रवासात कळले, तर तिसरा शर्ट कुणाचा आहे हे घरी आल्यावर कळायला हवे.

तुमचा प्रवास सुखाचा होवो. देव तुम्हांला सुखरूप नेवो आणि सुखरूप परत आणो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू